रात्रपाळीच्या मावशींचे आभार

प्रश्न : माझी आजी, म्हणजे आईची आई, चौदा महिने एका शुश्रूषा केंद्रात होती. पक्षाघातामुळे तिची उजवी बाजू लुळी पडली, गिळायला त्रास होऊ लागला आणि शेवटचे पाच महिने ती पूर्णपणे अंथरुणाला खिळून होती. सहा आठवड्यांपूर्वी ती गेली. शेवटचे कपडे बदलताना मी तेथे होतो. तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती आणि डॉक्टरांनीही ते आवर्जून बोलून दाखवले. तेथील माणसांचे आभार मानल्यावाचून मला राहवत नाही, पण तीनदा पत्र लिहिले आणि तीनदा फाडले. जे लिहितो ते शुभेच्छापत्रावरच्या छापील मजकुरासारखे वाटते. मामा म्हणतो, ‘आपण दरमहा पैसे भरत होतो, त्यांना पगार मिळत होता, आभार कसले मानायचे?’ आईला तर त्या जागेचा विषय निघाला तरी रडू येते. आपण आपल्या आईला परक्यांच्या हाती सोपवले, हे तिच्या मनातून जात नाही. रात्रपाळीला एक मावशी असायच्या. आजीचे सर्वांत जास्त त्यांनीच केले, असे मला वाटते. त्यांना पाकिटात काही रक्कम द्यावी असा विचार आहे, मात्र मला त्यांचे नावही माहीत नाही. आणखी एक गोष्ट खटकते. एकदा आजीने वाजवलेल्या घंटेकडे पाऊण तास कोणीच आले नव्हते. आभाराच्या पत्रात ते लिहावे की विसरून जावे? — एक नातू

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या आजी गेल्याचे वाचून वाईट वाटले. तुम्ही तीन पत्रे फाडलीत, पण मला पाठवलेल्या पत्रात एक वाक्य असे लिहून गेला आहात की त्यावरून तुमची नजर बहुधा सहज पुढे सरकली असावी. ‘तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती.’ तुमच्या आभाराच्या पत्राची सुरुवात या वाक्याने व्हावी, असे मला वाटते. का, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण या एका वाक्यामागे किती काम असते हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही.

माणूस एकाच कुशीवर बराच वेळ पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते आणि तेथला रक्तपुरवठा मंदावतो. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडे या जागा सर्वांत आधी लाल होतात, मग सोलवटतात आणि वेळीच लक्ष गेले नाही तर जखम हाडापर्यंत पोहोचू शकते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत असतो. पक्षाघात झालेल्या माणसाला अनेकदा ना दाब नीट जाणवतो, ना स्वतःहून हलता येते. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन परिचारिका-संशोधिकांनी १९८७ मध्ये हा धोका मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली आणि ती आजही रुग्णालयांतून व शुश्रूषा केंद्रांतून वापरली जाते. तिच्यात सहा गोष्टी पाहतात : संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणात हलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण. एकूण गुण ६ ते २३ यांच्या दरम्यान येतात आणि ते जितके कमी तितका धोका अधिक. तुम्ही लिहिलेल्या अवस्थेवरून तुमच्या आजींचे गुण या पट्टीच्या तळाशीच कोठेतरी असणार.

अशा रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवतात. त्वचा आणि गादी कशी आहे हे पाहून हे अंतर कमी-जास्त करतात. वळवायचे म्हणजे ढकलायचे नव्हे. दोघींनी दोन बाजूंनी उभे राहायचे, अंगाखालची चादर धरून शरीर किंचित उचलायचे, कारण ओढले तर त्वचा खरचटते. एका अंगावर साधारण तीस अंश कलते करून पाठीमागे उशी लावायची, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी उशी ठेवायची, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा अधांतरी ठेवायच्या आणि मग तळहाताने चादरीवरच्या सुरकुत्या सपाट करायच्या, कारण चादरीची एक चुणीसुद्धा रात्रभरात त्वचेत रुतते. याच वेळी डायपर ओला आहे का ते पाहायचे, ओलावा टिपून घ्यायचा आणि लालसर दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून तेथला रंग परत येतो का हे बघायचे. दोन तासांच्या हिशेबाने हे दिवसातून बारा वेळा होते. पाच महिन्यांचे साधारण दीडशे दिवस धरले तर १८०० वेळा. आणि त्यातल्या निम्म्याहून कमी वेळाच तुम्ही, तुमची आई किंवा दुसरे कोणी भेटायला येऊ शकेल अशा प्रहरी. बाकीच्या वेळा काळोखात, सगळे केंद्र झोपलेले असताना.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण हे उत्तर इतर घरांतही वाचले जाईल. अखेरच्या दिवसांत शरीर मिटत आले की उत्तम काळजी घेऊनही कधीकधी त्वचा फाटते. ज्यांच्या माणसाला अशी जखम झाली, त्यांनी एवढ्यावरून कोणी हयगय केली असा निष्कर्ष काढू नये. पण पाच महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ शेवटपर्यंत स्वच्छ राहते तेव्हा ती आपोआप राहिलेली नसते, हे मात्र निश्चित.

तुमची पत्रे छापील का वाटतात, याचे कारण मला यातच दिसते. तुम्ही ‘प्रेमाने’, ‘मनापासून’, ‘निःस्वार्थपणे’ असे शब्द वापरत असणार. ते खोटे नाहीत, पण ते कोणालाही, कशासाठीही लिहिता येतात. शुश्रूषेचे काम बहुतांशी घडू न दिलेल्या गोष्टींचे असते. जखम झाली नाही, घास श्वासनलिकेत गेला नाही, पलंगावरून पडणे झाले नाही. जे घडलेच नाही ते नातेवाइकांना दिसत नाही आणि म्हणून त्याचे आभार मानायचे कोणाला सुचत नाही. हे काम करणाऱ्यांना मात्र ते कोणी ओळखले तर लगेच कळते.

तेव्हा चौथे पत्र लिहिताना विशेषणांना हात न लावता केवळ पाहिलेले लिहा. आजींना भरवताना तुम्ही कधीतरी तेथे बसला असाल. गिळायला त्रास असलेल्या माणसाला भरवणे हे धीराचे काम आहे. आधी सरळ बसवायचे, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावायची, अर्धाच चमचा, तोही तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यायचा आणि मग हात आवरून थांबायचे. गळ्याची हालचाल दिसेपर्यंत दुसरा चमचा उचलायचा नाही. मधूनच आवाज ओलसर, घरघरता आला तर खोकू द्यायचे आणि पुन्हा थांबायचे. गालात काही साठून राहिले नाही ना ते पाहायचे, खाणे संपल्यावर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे आणि तोंड पुसून स्वच्छ करायचे. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो आणि त्या मावशींच्या वाट्याला असे भरवायचे आणखी चार-पाच जण असतात. ‘तुम्ही आजीला भरवताना एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत’ असे तुम्ही पाहिले असेल तर तसेच लिहा. पाहिले नसेल तर लिहू नका. मी सांगितलेले तर मुळीच उतरवून काढू नका. ऐकण्याचे यंत्र लावण्यापूर्वी कोणी ते स्वतःच्या तळहातावर धरून उबदार केले असेल, आजींना नावाने किंवा नात्याने हाक मारून मगच अंगाला हात लावला असेल, कोरड्या पडलेल्या ओठांवरून कोणी ओला बोळा फिरवला असेल, तर यांपैकी एखादीच गोष्ट पुरेशी आहे.

अवघडल्यासारखे वाटते म्हणून पत्र फाडणारे तुम्ही एकटे नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर केलेले काम प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली, ती वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज त्यांच्याकडून घेतला आणि मग ज्यांना पत्रे मिळाली त्यांनाही विचारले. लिहिणाऱ्यांनी समोरच्याचा आनंद आणि आश्चर्य कमी धरले होते आणि त्याला वाटणारे अवघडलेपण जास्त धरले होते. लिहिणारा शब्द नेमके जुळले का याची चिंता करत बसतो, वाचणाऱ्याला मात्र त्यातला जिव्हाळा भावतो. तेव्हा खाडाखोड असलेला कागद पाठवलात तरी चालेल. माझे मत विचाराल तर तो अधिक बरा.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यात एक योग्य भाग आहे. हे नोकरीचे काम आहे आणि ते नोकरी म्हणूनच ओळखले जावे. ‘तुम्ही तर देवमाणसे आहात’ असे म्हणत त्यांच्या कामाचे तास, त्यांची संख्या आणि त्यांचा पगार यांबद्दल मौन पाळणे ही एक सोयीची रीत झाली आहे. तिच्यापेक्षा मामांचा रोखठोक हिशेब मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण मामांनी हिशेब पुढपर्यंत नेलेला नाही. पगारातून हजेरी मिळते, वळवण्याच्या नोंदवहीत सही मिळते. पहाटे चार वाजता चादरीची चुणी हाताने सपाट केली की नाही, हे नोंदवहीत कोठेच येत नाही आणि ती केली नाही म्हणून कोणाचा पगारही कापला जात नाही. शिवाय या कामाची किंमत शरीराला मोजावी लागते. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे केंद्र उघडून मरणासन्न रुग्णांच्या आधुनिक शुश्रूषेचा पाया घातला. त्या मूळच्या परिचारिका, पण पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले होते आणि डॉक्टर त्या नंतर झाल्या. माणसे उचलणाऱ्यांच्या पाठी दुखतातच. मामांशी वाद घालू नका. पत्र तयार झाले की त्यांना वाचायला द्या आणि खाली सहीसाठी जागा ठेवा.

पत्र कोणाच्या नावे लिहायचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. येथे माझीच एक चूक सांगतो. माझे वडील अशाच एका केंद्रात होते. ते गेल्यानंतर मी मोठा पुष्पगुच्छ आणि ‘सर्व कर्मचाऱ्यांस’ असे लिहिलेले कार्ड पाठवले. आठवड्याने राहिलेली कागदपत्रे आणायला गेलो, तेव्हा गुच्छ स्वागतकक्षाच्या टेबलावर सुकत होता आणि कार्ड त्याच्या दोऱ्याला तसेच अडकवलेले होते. तेथल्या ज्या मदतनीस मामांनी वडिलांची रोज दाढी केली, ते मागच्या दाराने येत आणि मागच्याच दाराने जात. ‘सर्व कर्मचाऱ्यांस’ लिहिलेले कार्ड कोणाचेच झाले नाही. म्हणून तुम्ही व्यक्तिशः लिहा. एक पत्र रात्रपाळीच्या मावशींना. एक, थोडे छोटे, संपूर्ण चमूला, त्यात जेवढी नावे मिळतील तेवढी घाला आणि फरशी पुसणारी व्यक्ती, कपडे धुणारी व्यक्ती, स्वयंपाकघरात अन्न योग्य तेवढे घट्ट-पातळ करून देणारी व्यक्ती यांना वगळू नका. ज्याच्या हातून खोली रोज स्वच्छ होत होती, त्याच्याशी आजींचे बोलणे बहुधा डॉक्टरांपेक्षा जास्त झाले असेल. मावशींच्या पत्राची एक प्रत व्यवस्थापकांना द्या आणि ती त्यांच्या सेवापुस्तिकेत ठेवावी, अशी लेखी विनंती करा. पुढे बढतीच्या वेळी किंवा दुसरी नोकरी शोधताना तो कागद त्यांच्या उपयोगी पडू शकतो. समाजमाध्यमावर त्यांचे नाव किंवा छायाचित्र टाकायचे असेल तर आधी त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर विषय तेथेच सोडा.

पाकिटाबाबत मी तुम्हाला थांबवणार आहे. तुमचा हेतू शुद्ध आहे, परंतु अनेक केंद्रांत कर्मचाऱ्यांनी रुग्णांकडून किंवा नातेवाइकांकडून रोख रक्कम घेण्यास मनाई असते आणि त्या नियमामागे विचार आहे. आजारी, परावलंबी माणसाकडून पैसे उकळले जाऊ नयेत. जे देऊ शकतात त्यांच्या खाटेकडे लवकर आणि जे देऊ शकत नाहीत त्यांच्याकडे उशिरा असे होऊ नये. तुम्ही हळूच हातात कोंबलेले पाकीट मावशींना अडचणीत टाकू शकते, नोकरीवरही बेतू शकते, आणि नाही म्हणावे तर तुमचे मन मोडते, अशा पेचात त्या सापडतील. व्यवस्थापकांना सरळ विचारा की नियम काय आहे. वैयक्तिक भेट चालत नसेल तर सर्वांना मिळून उपयोगी पडेल अशी वस्तू चालते का, ते विचारा. आणि ती काय असावी हे तुम्ही न ठरवता तेथे काम करणाऱ्यांना ठरवू द्या. पाठीला आधार देणारी विश्रांतिकक्षातली एक बरी खुर्ची त्यांना तुमच्या घड्याळापेक्षा किंवा भिंतीवरच्या चित्रापेक्षा जास्त हवी असू शकते. आजींची चाकाची खुर्ची, हवेची गादी, न वापरलेले डायपर देता येतील, पण तेही विचारून. उरलेली औषधे मात्र देऊ नका.

घंटेबद्दल. विसरू नका आणि आभाराच्या पत्रातही घालू नका. ‘सगळे उत्तम होते, फक्त एकदा’ असे एक वाक्य आले की वाचणाऱ्याच्या मनात तेवढेच उरते, आणि ज्यांचा त्या रात्रीशी संबंधही नव्हता त्या मावशींना ते बोचेल. त्यासाठी व्यवस्थापकांना वेगळे पत्र लिहा. त्यात तारीख, वेळ, किती मिनिटे वाट पाहावी लागली आणि त्या वेळी आजींना काय हवे होते एवढेच असू द्या. दोष कोणाचा, याचा अंदाज बांधू नका. त्या रात्री किती जण कामावर होते आणि किती रुग्ण होते, हा प्रश्न मात्र अवश्य विचारा. पाऊण तास घंटा वाजत राहते तेव्हा कोणी झोपलेले असू शकते, तसेच दोघीच जणी तिसऱ्याच खोलीत पडलेल्या माणसाला उचलत असण्याचीही शक्यता असते. माणसे कमी असतील तर तुमच्या लेखी तक्रारीचा उपयोग उद्याच्या रुग्णाला होईल आणि मावशींनाही होईल. आभार मानले म्हणजे तक्रारीचा हक्क गेला असे नाही. दोन्ही पत्रांमध्ये आठवड्याभराचे अंतर ठेवा, एवढेच.

तुमच्या आईंविषयी लिहिताना हात जड होतो. ‘परक्यांच्या हाती सोपवले’ हे त्यांचे शब्द मी अनेक लेकींच्या आणि सुनांच्या पत्रांत वाचले आहेत, आणि मुलांच्याही. वर वळवण्याचे वर्णन केले आहे, ते पुन्हा एकदा वाचा : दोघींनी, दिवसातून बारा वेळा, रात्रीसुद्धा. एकट्या लेकीने हे घरी करायचे ठरवले असते तर पहिल्या महिन्यातच तिची पाठ आणि झोप दोन्ही गेली असती, आणि आजींची पाठ तशी राहिली असती का, याची मला शंका आहे. पण हे त्यांना पटवून देण्याच्या भरीस पडू नका. अपराधीपणा युक्तिवादाने जात नाही, आणि ‘बघ, आजी किती चांगल्या हातांत होती’ असे सारखे ऐकवल्यास ‘मग माझे हात वाईट होते का’ असे त्यांना वाटू शकते. त्यांना केंद्रात ओढून नेऊ नका. पत्राचा मसुदा घरात त्यांच्या नजरेला पडेल असा ठेवा. एखादी ओळ त्यांना घालावीशी वाटली तर त्या घालतील. तुमच्या स्वतःच्या पत्रात मात्र एक पथ्य पाळा. ‘आम्हाला यायला जमले नाही, आम्हाला क्षमा करा’ असे त्यात लिहू नका. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मावशींवर पडते आणि तुमचे ओझे उतरवण्यासाठी पुन्हा त्यांनाच खांदा द्यावा लागतो.

आणि त्या केंद्रातल्या माणसांचेही काही गेले आहे, हे ध्यानात असू द्या. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी लिहिले, जे माणसाला होते पण ज्याला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही. शुश्रूषा केंद्रातल्या माणसांचे दुःख या जातीचे असते. चौदा महिने ज्या देहाचा तीळ न् तीळ माहीत झाला, तो गेल्यावर त्यांना ना रजा मिळते ना कोणी भेटायला येते. गादी पुसली जाते, चादर बदलते आणि एक-दोन दिवसांत त्या खाटेवर नवे नाव लागते. म्हणून शक्य असेल तर पत्र टपालाने न पाठवता स्वतः घेऊन जा. जेवणाच्या वेळी जाऊ नका. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे भेटतात खरी, पण ती रुग्णांची माहिती एकमेकांना देत असतात, तेव्हा ते आटोपेपर्यंत बाहेर थांबा. दहा मिनिटे बसा. आजींबद्दल त्यांना ठाऊक असलेले आणि तुम्हाला ठाऊक नसलेले काहीतरी असेल. रात्री त्या कोणाला हाका मारायच्या, कशाने हसायच्या. विचारा, आणि मावशी बोलू लागल्या तर मध्ये बोलू नका.

हे सगळे नंतर. आज फक्त केंद्रात फोन करा, रात्रपाळीच्या त्या मावशींचे पूर्ण नाव विचारा आणि ते कसे लिहितात हेही विचारून घ्या, म्हणजे पाकिटावर ते बिनचूक येईल.